चौकात बंद पडणारं कार्ड

रविवार, ७

आजपासून लिहायला बसलेय. दुकानातल्या कॉम्प्युटरवालीने फोनवर सांगितलं, "काकू, बंद पडलं की दर वेळी लिहून ठेवा, तेव्हा काय चाललं होतं ते." म्हटलं ठीक. आयुष्यभर लोकांच्या छाती-कंबरेची मापं लिहिली, आता या खोक्याची लिहिते.

तर झालं असं. ठमीने, म्हणजे आमच्या लेकीने, यांच्यासाठी नवीन ग्राफिक्स कार्ड पाठवलं. कॉम्प्युटरच्या पोटात चित्रं काढायचं काम करतं ते. जुनं कार्ड दमलं होतं. हे जन्मभर बस चालवत आले, आणि रिटायर झाल्यावर घरात नुसते या खोलीतून त्या खोलीत करायचे. माझ्या डोक्याला ताप. मग ठमीनेच त्यांना बसचा गेम लावून दिला. माझ्या कापडं बेतायच्या टेबलाला स्टीअरिंग अडकवलंय, टेबलाखाली तीन पेडल, त्यांच्या शेजारी कॉम्प्युटरचा खोका. दर रविवारी सकाळी बाप-लेक आपापल्या घरातून एकाच शहरात बस काढतात. पुढे यांची, मागे तिची. स्पीकरवर गप्पा चालतात. हेडफोन हे लावत नाहीत. कान झाकले की इंजिन ऐकू येत नाही म्हणे.

ती लहान होती तेव्हा यांना रविवारची सुट्टी कधी मिळाली नाही. आता पोर ते रविवार वसूल करून घेतेय, असं मला वाटतं. तिचं तिकडे दुसरं कोणी नाही. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचे आ वासलेले जबडे बघायचे आणि रात्री एकटीने जेवायचं.

काल कॉम्प्युटरवालीने कार्ड बसवलं. आज सकाळी चित्र असं काही आलं की मीसुद्धा शिवण सोडून उठले. रस्त्यावरच्या डबक्यात बसचं प्रतिबिंब दिसत होतं. बस पुलावर गेली, आतले पंखे रडायला लागले, पडदा काळा, आणि कॉम्प्युटर आपला आपण पुन्हा सुरू. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. यांनी दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलले आणि म्हणाले, "अगं, मी काही नाही केलं हं."

मी म्हटलं, तुम्ही केलं असं म्हणतंय कोण.

मंगळवार, ९

यंत्र बिघडलं की माझी एक पद्धत आहे. धागा तुटतो? आधी सुई बदलायची. मग चिंधीवर एक टीप मारून बघायची. तरी तुटला तर ताण बघायचा. मग बॉबीन. एका वेळी एकच गोष्ट. सगळं एकदम उसकटलं की काय बरं झालं आणि काय बिघडलं, काही कळत नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरींना मी हे ओरडून ओरडून शिकवलंय.

कॉम्प्युटरवाली म्हणाली, आधी जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवीन टाका. म्हणजे कार्ड चालवायचा प्रोग्राम. हे पेपर वाचत होते. म्हणाले, "काढा, काढा. सगळीकडे तेच चाललंय." बऱ्याच दिवसांनी यांनी विनोद केला. मी हसले, पण हे पेपरातच बघत राहिले. पेपर मात्र बराच वेळ उलटला नाही.

नवीन टाकला. तिने दिलेली चाचणी लावली, त्यात नुसतं एक चित्र गोल गोल फिरतं आणि कार्डाला घाम फोडतं. बंद पडलं. म्हणजे सुई नव्हती.

बुधवार, १०

आज पंखे पुसले, ब्रशने धूळ काढली. खोक्याचं झाकण उघडं ठेवून चाचणी लावली. बंद. ताणही नाही.

संध्याकाळी आम्ही भाजी आणायला गेलो. लिहायची गोष्ट म्हणजे, हे आता माझ्या मागून चालतात. लग्न झाल्यापासून हे पुढे आणि मी मागे धावतेय, पिशव्या सांभाळत. किती भांडले त्यावरून, काही उपयोग नाही. आता कोपऱ्यावर आले की थांबतात आणि म्हणतात, "चल तू, मी आलोच." उशिरा का होईना, शहाणपण आलं.

शुक्रवार, १२

सापडलं.

खोका उचलून दुकानात नेला. कॉम्प्युटरवालीने आत बघितलं आणि कपाळाला हात लावला. कार्डाला दोन ठिकाणी वीज लागते, आणि आम्ही एकाच वायरीची दोन तोंडं त्यात खुपसली होती. आम्ही कसली, तिनेच. तसं तिने कबूल केलं, हे तिचं चांगलं. एकाच प्लगवर शिवणयंत्र आणि इस्त्री लावली की दिवा मिणमिणतो, तसलाच प्रकार. कार्डाने जोर लावला की वीज पुरायची नाही आणि सगळं बसायचं.

आता दोन वेगळ्या वायरी आहेत. घरी आणून चाचणी लावली आणि शाळेच्या शर्टांच्या कॉलरी शिवायला बसले. सगळ्या कॉलरी संपल्या, चित्र आपलं फिरतंच आहे. ठमीला फोन केला. ती इतकी खूश झाली की मलाच कसंसं झालं. म्हणाली, "आई, या रविवारी बाबांना नवीन रूट देते. शहराबाहेरचा."

यांना सांगितलं. हे म्हणाले, "जुनाच बरा होता."

रविवार, १४

काय बोलायचं आता.

सगळं छान चाललं होतं. नवीन रूट, झाडं, टेकड्या. हे जरा हळू चालवत होते. मागून ठमी म्हणाली, "बाबा, दाबा की जरा," आणि हे हसले. मग एक चौक आला. चार रस्ते. ती सांगत होती कुठे वळायचं. हे चौकात थांबले, आणि फट्ट. बंद.

या वेळी पंखे रडले नाहीत. पडदा काळा होऊन पुन्हा सुरूही झालं नाही. दिवा विझवावा तसं सगळं शांत. हा वेगळा रोग आहे, हे नीट लिहून ठेवते.

मी तिथल्या तिथे कॉम्प्युटरवालीच्या नावाने बोटं मोडली. हे मात्र उठले, हात धुतले, आणि पोटभर जेवले. परवापासून दोन घास खाऊन उठत होते. एवढ्या हौसेची गोष्ट बंद पडली, तरी माणसाने चेहरा पाडला नाही. मन मोठं आहे यांचं, हे मला कबूल करायला हवं.

बुधवार, १७

तीन दिवस चाचणी लावतेय. एकदाही बंद पडत नाही. गेम लावून ठेवला, बस स्टँडवर उभी करून ठेवली. चालू. यांना म्हटलं, जरा चालवून बघा ना, मला कळेल तरी. म्हणाले, "ठमीशिवाय मजा नाही." मग मीच बसले. पेडलवर पाय मशीनसारखा मारला आणि बस सरळ एका दुकानात घातली. कार्डाला काही झालं नाही. दुकानदाराचं काय झालं असेल ते असो.

यांच्या डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी आहे. कापलं का विचारलं तर म्हणाले, "हो, जरासं." दाखवा म्हटलं तर हात मागे. लहान मुलासारखं.

रविवार, २१

पुन्हा चौकात. पुन्हा तसंच, आवाज न करता.

आज मी शेजारी स्टूल घेऊन बसले होते. कार्ड किती गरम होतंय त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो, तो बघत होते. आकडा अगदी शांत होता. हे चपला काढून बसले होते. डावा पाय पेडलवर नव्हताच, बाजूला खोक्याला टेकवलेला. इतकी वर्षं क्लच मारून मारून गुडघा दुखत असेल.

त्याआधी आणखी एक झालं. ठमी स्पीकरवरून म्हणाली, "गुड मॉर्निंग, ड्रायव्हर साहेब." हे दचकले आणि माझ्याकडे बघून विचारलं, कोण बोलतंय. म्हणजे स्पीकरही गेला वाटतं. दुपारी तो उघडून पुसला. बराच कचरा निघाला, दोऱ्याचे तुकडेच जास्त.

ठमीने नंतर मला वेगळा फोन केला. आवाज नेहमीचा नव्हता.

"आई, खरं सांग. बाबांना माझ्याबरोबर खेळायचं नाहीये का?"

मी तिला झापलं. म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं, शनिवारपासून माणूस शर्ट इस्त्री करून ठेवतो. ते खरं आहे. बस चालवायला इस्त्रीचा शर्ट घालतात, घरातल्या घरात. ती म्हणाली, "मग मी आले की लगेच कसं बंद पडतं? तू लावतेस तेव्हा तर दिवसभर चालतं."  मग म्हणाली, "त्यांना कंटाळा येत असेल तर तसं सांगू देत. मी नाही रागावणार." आणि रडायला लागली. मोठी घोडी झालीय, पण फोनवर रडली की मला ती सहा वर्षांचीच दिसते.

या कार्डाचा सोक्षमोक्ष लावल्याशिवाय मी आता राहत नाही.

सोमवार, २२

पुन्हा खोका दुकानात. कॉम्प्युटरवालीने स्वतःच्या पडद्याला जोडून खूप वेळ काहीबाही वाचलं. कॉम्प्युटर आपल्या आत सगळी नोंद ठेवतो म्हणे. मग पेन चावत मला विचारलं, "काकू, बंद पडतं तेव्हा कोणी बटण दाबतं का? धरून ठेवतं का?"

मी जरा चिडलेच. म्हटलं, घरात आम्ही दोघं. मांजरसुद्धा नाही. मी त्यांच्या शेजारी बसलेली असते. आणि ते कशाला दाबतील? जीव आहे त्यांचा त्या रविवारात.

तिने पेन खाली ठेवलं. मग यांच्याबद्दल विचारायला लागली, काका कसे आहेत, बाहेर पडतात का, एकटे जातात का. तिचे वडील नाहीत, म्हणून माया वाटत असेल. मी सांगितलं, ठणठणीत आहेत, रोज संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येतात. ती म्हणाली, "खोका खाली ठेवता ना? वर ठेवून बघा एकदा." आणि मग लगेच म्हणाली, "किंवा राहू दे, काकू. एवढं काही नाही." हो म्हणायचं की नाही, एक काय ते सांगावं माणसाने. पैसेही घेतले नाहीत.

खाली धूळ जाते, दोरे जातात, हे मलाच आधी सुचायला हवं होतं.

गुरुवार, २५

आज आमचं वाजलं. लिहावं की नाही असं वाटत होतं, पण लिहिते.

मी खोका उचलून टेबलावर ठेवला, कापडाच्या ताग्यांशेजारी. वायरी पुरल्या. हे आंघोळ करून आले, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाले, खाली ठेव. मी धुळीचं सांगितलं. हे पुन्हा म्हणाले, खाली ठेव. मी म्हटलं, अहो, दुकानातल्या बाईने सांगितलंय, तिला जास्त कळतं का तुम्हाला?

"खाली ठेव म्हणतो ना!"

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्यावर आवाज चढवला नव्हता. आरडाओरडा हे माझं खातं. मी नुसती बघत राहिले.  मग हे स्वतःच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझ्या पायाला सवय झालीय त्याची." पायाला कसली सवय, मला काही समजलं नाही. मी खोका वरच ठेवला. मीही काही कमी हट्टी नाही, आणि माझ्या डोळ्यांसमोर ठमीचा तो फोन होता.

शनिवार, २७

यांनी शर्ट इस्त्रीला काढला नाही. मीच काढला.

आंघोळीनंतर अंगठ्याची पट्टी ओली झाली होती, म्हणून मी हात धरून ओढूनच काढली. आत काही नाही. ओरखडासुद्धा नाही. म्हटलं, काय हो हे, चांगल्या पट्ट्या वाया घालवायच्या? हे म्हणाले, "लक्षात राहतं त्याने." काय लक्षात राहतं विचारलं. "डावा," एवढंच म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

आणखी विचारणार होते. पण गॅसवर कुकर होता, शिट्टी होत होती, मी तिकडे गेले. गंमतच करत असेल माणूस, असं स्वतःला सांगितलं. दिवसभर तेच सांगत होते.

रविवार, २८

ठमी परवा येतेय. तिकीट काढलं तिने, डॉक्टरांची वेळही तिनेच घेतली. हे आत झोपलेत. आज झालं ते लिहून टाकते.

हे सकाळी मुकाट्याने बसले. ठमी स्पीकरवर आली, दोघांच्या बस निघाल्या. शहरातल्या शहरात ठीक होतं. मग तो चौक आला. चार रस्ते, सिग्नल हिरवा. हे थांबले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. ठमी म्हणाली, बाबा, डावीकडे. मग म्हणाली, बाबा? डावीकडे घ्या.

टेबलाखाली यांचा पाय काहीतरी शोधत होता. जिथे खोका असायचा तिथे. रिकाम्या जागेत अंगठा पुढे-मागे चाचपत होता, भिंतीला लागत होता, पुन्हा पुढे येत होता. मी वाकून तो पाय बघत बसले. दुकानातली बाई पेन चावत बटणाबद्दल काय विचारत होती, ते मला तेव्हा कळलं. आणि कळल्यावर मला काहीच करता येईना. खोका माझ्या समोर होता, टेबलावर. हात लांब केला असता तर बटण दाबता आलं असतं. मी नाही दाबलं. हात हललाच नाही.

मग हे शांतपणे, त्यांच्या कामावरच्या आवाजात म्हणाले, "जरा थांबू या मंडळी. गाडी गरम झालीय."

कोपऱ्यातला आकडा मी बघितला. गाडी गरम नव्हती.

ड्रायव्हरच्या बायकोला हे वाक्य माहीत असतं. झोप डोळ्यांवर आली, धुक्यात रस्ता कुठला ते कळेना झालं, छातीत धडधडायला लागलं, की ड्रायव्हर प्रवाशांना तसं सांगत नाही. सांगितलं तर माणसं घाबरतात. तो म्हणतो गाडी गरम झालीय, बॉनेट उघडून उभा राहतो, आणि ठीक वाटेपर्यंत इंजिनाकडे बघत बसतो. दोष गाडीवर घ्यायचा. हे मला यांनीच सांगितलं होतं, लग्न नवीन असताना, हसत हसत. आणि मी गेले तीन आठवडे गाडी दुरुस्त करत बसले. सुई बदलली, ताण बघितला, वायर बदलली. त्यांच्याकडे लपायला एवढीच एक जागा होती, तीही मी झाडून, पुसून, उचलून वर ठेवली.

 ठमीची बस मागे उभी होती, यांच्या आरशात दिसत होती, दिवे लावलेली. मला वाटलं, ती उठून गेली. मग तिचा अगदी बारीक आवाज आला. बाबा, असं एकदाच म्हणाली.

यांनी स्पीकरकडे वळून बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. अदबीने, जरा पुढे झुकून विचारलं, "ताई, तुम्हाला कुठे उतरायचंय?"

मी तोंडावर पदर धरला. तिकडे ती काय करत होती, मला दिसत नव्हतं. श्वास ऐकू येत होता फक्त. तिने मला हाक मारली नाही, "बाबा, मी आहे" असंही म्हणाली नाही. तिच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, ओरडून म्हटलं असतं. पोरीने नाक ओढलं आणि म्हणाली, "शेवटच्या स्टॉपला."

"बसा मग. पोचवतो."

आणि यांनी गियर टाकला. डावीकडे नाही, सरळच नेली बस. तो रस्ता रूटवर नव्हता. ठमीने तसं सांगितलं नाही, मागोमाग आपली बस घेतली. दोन्ही बाजूंना शेतं लागली, मग एक तळं. यांचे खांदे सैल झाले. हात कसे छान फिरत होते स्टीअरिंगवर. हातांना सगळं येत होतं.

बरंच पुढे गेल्यावर तिने विचारलं, "गाडीत अजून कोणी आहे का हो, ड्रायव्हर साहेब?"

यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. मग पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं.

"एक बाई आहेत पुढच्या सीटवर," हे म्हणाले. "त्याही शेवटपर्यंत येतायत."

मी तसं काही बोलले नव्हते. यांनी पुन्हा बघितलं तेव्हा मान हलवून हो म्हटलं.